शाळेचा पट आणि काय-वर्ग

पणदरे हें बारामती तालुक्यांतील, नीरेच्या डाव्या कालव्याच्या टापूंतील गांव. अशा गांवीं शिक्षकास एक शंका सहज यावी: बाजारच्या दिवशीं मुलें खरोखरच अधिक गैरहजर असतात, कीं तो केवळ योगायोग?

अशा शंकेस मोजमापाची कसोटी कार्ल पिअर्सन या इंग्रज पंडितानें १९०० सालीं दिली. अपेक्षित व प्रत्यक्ष संख्यांतील अंतराचा वर्ग करावा, त्यास अपेक्षित संख्येनें भागावें आणि सर्व भागाकारांची बेरीज घ्यावी. हाच काय-वर्ग होय. समजा, आठवड्याच्या सहा वारांच्या मिळून ६० गैरहजेऱ्या भरल्या. वाराचा परिणाम नसेल तर प्रत्येकीं १० अपेक्षित. पटावर मात्र ९, ९, १०, ९, ९ आणि बाजारच्या दिवशीं १४ आढळल्या. बेरीज येते अवघी २. एकूण ६० ठरल्यावर पांचच संख्या मोकळ्या राहतात, सहावी आपोआप ठरते. हा हिशेब रोनाल्ड फिशर यांनीं १९२२ सालीं नीट बसवून दिला. पांच मोकळ्या संख्यांना शेंकडा पांचची मर्यादा ११.०७ आहे. तेव्हां चौदाचा आंकडा डोळ्यांत भरला, तरी तो पुरावा नव्हे. हेंच प्रमाण ६०० गैरहजेऱ्यांत टिकलें, तर बेरीज २० होते. मग योगायोगाचें नांव घेणें कठीण.

परंतु लहान शाळेंत अपेक्षित संख्याच दोन-तीनवर येते. तेथें हें कोष्टक कितपत चालावें? सातारा जिल्ह्यांतील बुध येथें १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९३८ सालीं याच जातीच्या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. विरळ घटनांच्या नमुन्यांत काय-वर्गाचें वितरण कसें राहतें, हा त्याचा विषय.

कसोटीस आणखी एक पथ्य आहे. प्रत्येक नोंद स्वतंत्र हवी. भाऊ घरीं राहिला म्हणून बहीणही राहिली, तर त्या दोन नोंदी नव्हेत.

आणि कारण? तें कसोटी सांगत नाहीं. नीरेपलीकडील सातारा जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षणांतील गळती, तसेंच शाळा सुटल्यावर साक्षरता किती टिकते, याचा शोध पुण्याच्या गोखले संस्थेनें घेतला. गाडगीळ व दांडेकर यांचा तो अहवाल १९५५ सालचा. योगायोग नाहीं, एवढें गणित सांगतें. मूल शाळेंत कां आलें नाहीं, हें विचारण्यास त्याच्या घरींच जावें लागतें.