दांडिया बाजारातला टीव्ही, न्यू जर्सीतली सकाळ

१८८७ साली श्रीमंत सयाजीराव महाराज पहिल्यांदा युरोपला गेले. निद्रानाशाने ते हैराण झाले होते आणि डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता. त्यानंतर आयुष्यभर त्यांचे परदेशी जाणे-येणे चालू राहिले. राज्याचा रोजचा कारभार मागे राहिलेले अधिकारी बघत. महत्त्वाचे कागद बोटीच्या टपालाने महाराजांच्या मागे जात आणि त्यांवरचे हुकूम घेऊन परत येत. मुंबई आणि लंडन यांच्यात १८७० पासून समुद्राखालून तार होती, त्यामुळे तातडीचा निरोप एका दिवसात पोहोचे. सविस्तर कागदाला मात्र पंधरा-वीस दिवस लागत. इंग्रज सरकारला हे राजेलोकांचे बाहेर राहणे खपत नव्हते. १९०० साली लॉर्ड कर्झनने परिपत्रकच काढले, की संस्थानिकांनी परदेशी जाण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी. त्याचा रोख मुख्यतः आपल्यावरच आहे, असे महाराजांना वाटले.

परिपत्रकाचा वाद बाजूला ठेवू. माणूस घराबाहेर असताना घराकडे लक्ष कसे ठेवतो, हा त्यामागचा प्रश्न मात्र आम्हाला फार ओळखीचा वाटतो. महाराजांपुढे अख्खे राज्य होते, आमच्यापुढे दांडिया बाजारातल्या दोन खोल्या आणि एक टीव्ही. पण प्रश्नाची जात तीच. यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी जुने लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आम्हाला त्या टीव्हीची आणि त्याच्या मागे ठेवलेल्या एका डबीची आठवण झाली. ती अजून आमच्या शोकेसमध्ये आहे.

दुरून करमणूक घरी आणण्याची हौस जुनी आहे. पॅरिसच्या १८८१ च्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर नावाच्या इंजिनिअरने ऑपेरा थिएटरातले गाणे टेलिफोनच्या तारेने प्रदर्शनाच्या दालनात आणले होते. लोक दोन्ही कानांना रिसीव्हर लावून रांगेने ऐकत. बडोद्याचे म्हणाल, तर संस्थानाचे स्वतःचे रेडिओ केंद्र होते. रेडिओ केंद्र असलेली संस्थाने देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. १९४८ मध्ये ते आकाशवाणीकडे गेले. मुंबई केंद्र रात्री चांगले लागे. दिवसा मात्र खरखर. मध्यम लहरी अंधार पडल्यावर आकाशातून परतून लांबवर पोहोचतात, हे कारण पुढे शाळेत कळले. लहानपणी आम्हाला वाटे, मुंबईवाले रात्री जास्त जोरात बोलतात.

टीव्हीने मात्र आम्हाला बराच काळ ताटकळत ठेवले. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसू लागले. बडोदे मुंबईपासून चारशे किलोमीटर, आणि टीव्हीच्या लहरी नाकासमोर जाणाऱ्या. शंभरेक किलोमीटरनंतर संपल्या. स्मिता पाटील मुंबईला मराठी बातम्या वाचतात, हे आम्हाला मासिकांतून कळले. चिमणराव आणि गुंड्याभाऊ कसे दिसतात, हे दिवाळीला आलेल्या गिरगावच्या मावशीने नक्कल करून दाखवले. यातली गंमत अशी, की त्याच मुंबई केंद्रावर तिथल्या गुजरात्यांसाठी 'संताकुकडी' आणि 'आवो मारी साथे' हे गुजराती कार्यक्रम होते. मुंबईच्या गुजराती माणसाला घरची भाषा मिळत होती आणि बडोद्याचा मराठी माणूस अँटेना फिरवत बसला होता.

अँटेना फिरवणे हे त्या काळी आमच्या गल्लीतले मोठे शास्त्र होते. खेडा जिल्ह्यातल्या पीज या गावी १९७५ मध्ये एक किलोवॅटचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. अहमदाबादच्या अंतराळ केंद्रातल्या लोकांनी शेतकऱ्यांसाठी केलेले ते कार्यक्रम होते, अगदी साध्या बोलीतले, आणि पुढे या प्रकल्पाला युनेस्कोचे पारितोषिकही मिळाले. आमच्या गच्चीवरून पीज पुसट दिसे. आम्ही म्हशींच्या आजारांविषयीचे कार्यक्रम मन लावून बघितले आहेत. मे महिन्याच्या उकाड्यात कधीतरी समुद्रावरच्या हवेचे थर असे जमतात, की त्यांच्यामधून लहरी वाकून फार दूर जातात. अशाच एका रात्री पीजच्या जागी मुंबई आली. पंधरा-वीस मिनिटे. कोण बोलत होते ते दिसले नाही, पण मराठी होते. वाड्यातली सगळी माणसे आमच्या खोलीत आली आणि शेजारचे अप्पा पडद्याला हात जोडून उभे राहिले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग आले, मग 'हम लोग', मग 'रामायण'. रामायणातली सीता, दीपिका चिखलिया, १९९१ मध्ये आपल्या बडोद्याचीच खासदार झाली, हे आताच्या मुलांना सांगितले तर त्यांना आम्ही थापा मारतो असे वाटते. केबल आली. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आणि पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी सुरू झाल्यावर मुंबई-पुणे आणि बडोदे एका रांगेत आले. संध्याकाळी सात ते दहा कोणाच्या घरी जायचे नाही, हा नियम आमच्याकडेही तेव्हापासूनच लागला.

आणि नेमक्या त्याच सुमारास मुले निघून गेली. आमची मुलगी न्यू जर्सीला.

आता त्या डबीकडे येतो. कॅलिफोर्नियातले ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन हे दोघे भाऊ सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाचे वेडे चाहते. २००२ च्या मोसमात संघ जोरात होता आणि हे कामासाठी गावोगाव फिरत होते. घरी पैसे भरलेला टीव्ही आहे, त्यावर सामना चालू आहे, आणि आपण हॉटेलात बसून दुसरेच काहीतरी बघतो आहोत, ही त्यांची तक्रार. म्हणून त्यांनी एक यंत्र केले. ते घरच्या सेट-टॉप बॉक्सला जोडायचे. आलेले चित्र ते बारीक करून इंटरनेटवरून पाठवी आणि जगात कुठेही आपल्या लॅपटॉपवर तोच टीव्ही दिसे. यंत्रातून निघालेली एक बारीक वायर सेट-टॉप बॉक्सच्या डोळ्यासमोर चिकटवायची, ती रिमोटचे काम करी. २००५ मध्ये स्लिंगबॉक्स या नावाने ते अमेरिकेत दुकानात आले. किंमत अडीचशे डॉलर. एका वेळी एकालाच बघता येई, पण मालक आपणच.

आमच्या जावयांनी २०१० च्या हिवाळ्यात आले असताना ते आमच्याकडे बसवले. मुलीला मराठी मालिका अमेरिकेतही मिळत होत्या, वेगळे पैसे भरून. तिला हवे होते ते आमच्या केबलवाल्याचे चॅनल, ज्यावर खाली राजमहेल रोडवरच्या साड्यांच्या सेलची पट्टी धावते, मध्येच सेव-उसळवाल्याची जाहिरात येते आणि पाणी कधी येणार नाही ते कळते. ते कुठल्याही पॅकेजमध्ये नव्हते.

सुरुवातीला फार गोंधळ झाला. टीव्ही दोन घरांत, पण सेट-टॉप बॉक्स एकच. आम्ही सातच्या बातम्या बघत असू आणि अचानक गाणी लागत. तिकडे सकाळ झालेली असे आणि लेकीने चॅनल बदललेले असे. आम्ही परत बातम्या लावू, ती परत गाणी. शेवटी फोन येई, "बाबा, पाच मिनिटं!" आमच्याकडच्या इंटरनेटचा वरचा वेग जेमतेम २५६ केबीपीएस, म्हणजे तासाला सुमारे ११५ एमबी जात आणि महिन्याची मर्यादा पंधरवड्यात संपे. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे करून बघावे लागे. पण चॅनल आपोआप बदलले, की पोर उठली, चहा झाला, बरी आहे, एवढे आम्हाला न विचारता समजे. खरे सांगायचे तर नंतर नंतर आम्ही बातम्या लावून वाटच बघत असू.

२०११ च्या मे महिन्यात तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे सहा महिने तिकडे गेलो. घराला कुलूप. कामाला येणारी बेन रोज सकाळी येऊन तुळशीला पाणी घालणार, केर काढणार, असे ठरले. एका रात्री, तिकडच्या साडेनऊला, आम्ही लॅपटॉपवर आमचा टीव्ही उघडला. बडोद्यात सकाळचे सात. मराठी चॅनल चालू होते. बघता बघता ते बदलले. मग पुन्हा बदलले आणि एका गुजराती भजनावर थांबले. आमच्यापैकी कोणीही बटण दाबले नव्हते. एक क्षण भीती वाटली, मग लक्षात आले: बेन आली आहे. ती आमच्या खुर्चीत बसली असेल की उभी असेल, ते दिसत नव्हते. दिसत होते फक्त ती काय बघते आहे ते. आम्ही चॅनल बदलले नाही. भजन संपेपर्यंत ती तिथे आणि आम्ही इथे बघत राहिलो. त्यानंतर रोज रात्री साडेनऊला आम्ही हजर. पंधरा-वीस मिनिटांनी पडदा काळा होई, म्हणजे काम आटोपून ती निघाली. घराचे कुलूप लागले.

गौरी-गणपती तिकडेच झाले. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ११ सप्टेंबरला, रविवारी आली. न्यूयॉर्कच्या त्या दिवसाला बरोबर दहा वर्षे होत होती. सकाळी जावयांनी हॉलमधला टीव्ही लावला. त्यावर मृतांची नावे वाचली जाणार होती. नातेवाईक पुढे येणार, काही नावे वाचणार आणि शेवटी आपल्या माणसाचे नाव घेणार. टेबलावर आमचा लॅपटॉप. त्यात बडोद्याची संध्याकाळ, सूरसागरकडे निघालेले गणपती, गुलाल, माणसांचे समुद्र, आणि खाली तीच साडीच्या सेलची पट्टी. आठ वाजून शेहेचाळीस मिनिटांनी तिकडे सगळे स्तब्ध उभे राहिले. मुलगी बाळाला घेऊन उभी राहिली. आम्हीही उभे राहिलो आणि लॅपटॉपचा आवाज बंद केला. पुढचा तासभर मिरवणूक आम्ही आवाजाविना बघितली. हॉलमध्ये नावे चालू होती. आपल्याकडची आडनावे त्यांत कानावर आली, की आम्ही एकमेकांकडे बघत होतो.

आपल्या मंडळाचा गणपती कॅमेऱ्यासमोर आला तेव्हा बडोद्यात रात्रीचे दहा वाजून गेले होते, आमच्याकडे दुपार. चित्र मध्येच गोठे, मग उडी मारून पुढे जाई. चेहरे ओळखू येईनात. पताकेवरून ओळखला. सौ.ने तिथेच, टेबलावर, लॅपटॉपपुढे खिरापत ठेवली.

त्या यंत्राचे पुढे काय झाले ते थोडक्यात. कंपनी २००७ मध्येच इकोस्टार या मोठ्या कंपनीने घेतली होती. ब्लेक क्रिकोरियन २०१६ मध्ये, पन्नाशीही न गाठता, वारले. मालिका अ‍ॅपवर यायला लागल्यावर घरच्या टीव्हीची गरजच कोणाला उरली नाही आणि ९ नोव्हेंबर २०२२ ला जगभरचे स्लिंगबॉक्स बंद करण्यात आले. आमचे त्याच्या खूप आधीच शोकेसमध्ये गेले होते. आता मुलगी हवे ते हवे तेव्हा बघते. चित्र स्वच्छ असते, जाहिराती तिच्या गावच्या असतात. ती कधी बघते हे मात्र आम्हाला कळत नाही, विचारावे लागते.

तर नोव्हेंबर २०११ मध्ये आम्ही परतलो. बेन चाव्या द्यायला आली. जरा घुटमळली आणि म्हणाली, "काकी, तमारो टीवी एनी मेळे चेनल बदले छे." शेजारी तिने हे कोणाला सांगितले नव्हते, घरात काही आहे असे लोक म्हणतील, म्हणून. आम्ही तिला डबी दाखवली, वायर दाखवली, न्यू जर्सी समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, मी भजन बघत होते ते तुम्हाला दिसत होते? दिसत होते, म्हटल्यावर ती लाजली. मग म्हणाली, शेवटी शेवटी ती जाताना टीव्ही बंद करायच्या आधी आमचे मराठी चॅनल लावून ठेवत असे. घरवाळ्यांचे चॅनल त्यांच्या घरात लागलेले बरे.

अजूनही ती कामाला येते. काम आटोपले, की रिमोट उचलते आणि आम्ही समोर बसलेलो असलो तरी मराठी चॅनल लावूनच जाते.