रत्नागिरीच्या बेंजोचं कूळ

रत्नागिरी जिल्ह्यात हळद असो की गणपतीचं विसर्जन, बेंजो पार्टीची सुपारी आधी दिली जाते. हा बेंजो अमेरिकेतला बँजो नव्हे. तो कातड्याने मढवलेला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळ्यापासून घडवलेला. आपल्या वाद्याने त्याचं फक्त नाव घेतलं. कूळ जपानी आहे.

1912 साली नागोयात मोरिता गोरो यांनी दोन तारांच्या कोतो या जपानी तंतुवाद्याला टाइपरायटरसारखी बटणं बसवली. तैशो राजवट नुकतीच सुरू झाली होती, म्हणून वाद्य तैशोगोतो झालं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. सुराची जागा बटणच ठरवतं, त्यामुळे नवशिक्यालाही चाल लवकर सापडते. भारतात ते बुलबुलतरंग झालं, बलुचिस्तानात बेंजू. आपल्याकडे त्याला पिकअप लागला, आवाज स्पीकरवर गेला आणि वाद्य रस्त्यावर आलं.

बटणांमुळे मींड काढणं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कठीण. कसलेला वादक त्यावर उपाय हातानेच काढतो: नखी तारेवर इतकी भराभर फिरवतो की सूर तुटत नाही, गळ्यातून निघाल्यासारखा लांबत जातो. म्हणून गवळण किंवा कोळीगीत नुसतं वाजलं तरी नाचणारे शब्द म्हणू लागतात. ढोल, ताशा, ऑक्टोपॅड लय धरतात. गाणं सांगतो तो बेंजो.

जुन्या चालींत सिनेमाची गाणी मिसळण्याला नाकं मुरडणाऱ्यांनी कोकणातलं जाखडी नृत्य आठवावं. रिंगणात मृदंग, झांज, पायांत घुंगरू, शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचे सवाल-जवाब. आणि लोकांच्या ओठांवरची चाल उचलून तिच्यावर स्वतःचे शब्द चढवणारे शाहीर. मुंबईच्या गिरणगावातले चाकरमानी गावची गाणी तिकडे घेऊन गेले, तिकडची सणाला इकडे घेऊन आले. जुन्या गवळणीला लागून कालचं सिनेमाचं गाणं वाजवणारा आजचा पोरगा काही बिघडवत नाही. तो जाखडीचीच रीत पुढे चालवतो आहे.

2016 साली रवी जाधव यांच्या ‘बँजो’ चित्रपटात रितेश देशमुख बेंजोवादकाच्या भूमिकेत दिसला. खऱ्या वादकांची नावं मात्र मिरवणुकीपुढे फारशी जात नाहीत. यंदा मोबाइल काढाल तेव्हा तो वादकाच्या बोटांवर धरा आणि चित्रफितीखाली त्याचं नाव, गाव विचारून लिहा.