तळटीप १७ : डी अँझातला अकाउंटिंगचा वर्ग

डी अँझा : कॅलिफोर्नियात कुपर्टिनो येथे १९६७ साली सुरू झालेले सरकारी कम्युनिटी कॉलेज. प्रवेशपरीक्षेची भानगड नाही. अठरा पूर्ण असली की नाव घालता येते. बिझनेस आणि कॉम्प्युटरचे बरेच वर्ग संध्याकाळी भरतात, त्यामुळे नोकरी सांभाळून येणारा पन्नाशीचा गृहस्थ आणि नुकताच शाळा सुटलेला पोरगा शेजारी बसून जमा-नावे गिरवतात. सत्र तीन महिन्यांचे : रोजकीर्दीपासून ताळेबंदापर्यंत बारा आठवड्यांत मजल मारायची, उसंत नाही. ९० युनिट झाली की असोसिएट पदवी मिळते. पुष्कळजण पुढे विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जातात. नायिकेला पदवी नको, सर्टिफिकेट पुरे आहे. फीवरून नवऱ्याची कुरकुर उगाच नाही : राज्यात वर्षभर वास्तव्य झाल्याशिवाय बाहेरच्यांची चढी फी भरावी लागते, तीही कित्येक पटींनी. शिवाय ती एच-४ व्हिसावर. या व्हिसावर शिकायला मुभा आहे, पण कादंबरीचा काळ २००३चा; काही ठरावीक एच-४ जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळू लागली ती मे २०१५पासून.