‘ड्रीम’ म्हणजे स्वप्न नव्हे

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका अनियतकालिकासाठी मी ‘द ड्रीम ऑफ द रूड’ या जुन्या इंग्रजी कवितेवर लेख लिहिला होता. ख्रिस्ताचा वधस्तंभ स्वप्नात येऊन स्वतःची कहाणी सांगतो, असा तिचा विषय. मूळ भाषा मला तेव्हा अक्षरओळखीपुरतीच येत होती. आधुनिक भाषांतर समोर ठेवून, अधूनमधून मूळ संहितेत डोकावत मी लिहीत होतो. अखेरीस स्वर्गाचं वर्णन येतं, तिथे मूळ ओळीत ‘ड्रीम’ हा शब्द मला स्वच्छ दिसला. मोठा शोध लागल्यासारखं वाटलं. स्वप्नात सुरू झालेली कविता स्वर्गाच्या स्वप्नापाशी येऊन मिटते, असं एक देखणं विधान मी ठोकून दिलं. अंक निघाल्यावर एका निवृत्त प्राध्यापकांचं पोस्टकार्ड आलं. मजकूर दोन ओळींचा : तो शब्द स्वप्नाचा नाही, आनंदाचा आहे. कोश पाहावा.

कोश पाहिला आणि खजील झालो. जुन्या इंग्रजीत झोपेतल्या स्वप्नाला ‘स्वेव्हन’ म्हणत, आणि या कवितेच्या आरंभी स्वप्नासाठी तोच शब्द आहे. ‘ड्रीम’ हे अक्षररूप तेव्हाही होतं, उच्चार ‘द्रेआम’च्या जवळचा आणि अर्थ आनंद. इटलीतल्या व्हेर्चेली गावी दहाव्या शतकातलं जे हस्तलिखित आहे, त्यात या कवितेला शीर्षकच नाही. आजचं शीर्षक पुढच्या अभ्यासकांनी दिलेलं. म्हणजे शीर्षकातलं ‘ड्रीम’ स्वप्न आणि कवितेतलं ‘ड्रीम’ आनंद. या दोन अर्थांमधल्या फटीत माझं देखणं विधान पडलं होतं.

पण हा आनंद कसला, हे कळायला आणखी वेळ लागला. ‘द्रेआम’चे अर्थ कोशात आनंद, जल्लोष आणि संगीत असे एका दमात दिलेले असतात. ‘बेओवुल्फ’ काव्यात राजाच्या सभागृहात रोज हा ‘द्रेआम’ चालतो. वीणेसारख्या वाद्याचा झंकार, कवीचं गाणं, बाकांवर बसलेल्या योद्ध्यांचा गलबला असं सगळं त्यात येतं. बाहेर अंधारात ग्रेंडेल नावाचा राक्षस तो आवाज ऐकत असतो, आणि त्याला तो सहन होत नाही. पुढचा सगळा संहार तिथून सुरू होतो. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की हा आनंद बाहेरच्याला ऐकू येतो. तो एखाद्याच्या मनात दडलेला नसून चार लोकांत, छपराखाली, आवाजासकट घडतो. ‘ग्ली’ या शब्दाचंही तेच. त्याचा जुना अर्थ गाणं-बजावणं, खेळ. गाणाऱ्या कलावंताला ‘ग्लीमन’ म्हणत.

तेराव्या शतकाच्या सुमारास ‘ड्रीम’ स्वप्नाच्या अर्थाने लिखाणात दिसू लागतो. इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात स्थायिक झालेल्या नॉर्स लोकांच्या भाषेत त्याच्याशी जुळणारा शब्द स्वप्नासाठी होता, त्याचा हा परिणाम असावा, असं मानतात. मुळात हे एकरूप दिसणारे दोन वेगळे शब्द होते की एकच, यावर अभ्यासकांत एकमत नाही. घडलं ते इतकंच, की सभागृहातला गलबला त्या शब्दातून निघून गेला आणि एकट्या माणसाची झोप उरली.

‘मेरी’ आणि त्यावरून झालेला ‘मर्थ’ यांची कुळकथा मला विशेष आवडते. ‘मेरी’चं मूळ ‘आखूड’ या अर्थाच्या प्राचीन जर्मानिक शब्दात सांगतात. ज्याने वेळ आखूड होतो, ते आनंददायक. मराठी माणसाला हे फोड करून सांगायची गरज नाही. आपल्याला ‘करमत नाही’, तेव्हा वेळच सरत नसतो. आणि हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली साप्ताहिक काढलं, त्याचं नावच मुळी ‘करमणूक’ होतं. ‘ग्लॅड’ म्हणजे पूर्वी चकाकणारं. ‘हॅपी’ हा ‘हॅप’ म्हणजे योगायोग, नशीब यावरून आलेला, म्हणून चौदाव्या शतकातला ‘हॅपी’ माणूस सुदैवी असे. तो सुखी असेलच असं नव्हे.

1066 साली नॉर्मन आले. त्यांच्या फ्रेंचमधून ‘जॉय’, ‘डिलाइट’, ‘प्लेझर’ हे शब्द पुढच्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत इंग्रजीत रुळले. (‘डिलाइट’मधली जी-एच ही मुकी अक्षरं तर नंतरची, सोळाव्या शतकात कुणी ‘लाइट’शी नसलेलं नातं जोडून ती घुसवली.) याच काळात एक अक्षरही गेलं. जुन्या इंग्रजीत ‘व’च्या ध्वनीसाठी रून लिपीतून घेतलेलं एक चिन्ह होतं, त्याचं नाव ‘विन्’, अर्थ आनंद. लेखनिक त्याऐवजी जोड-यू लिहू लागले आणि 1300च्या सुमारास ते चिन्ह नाहीसं झालं.

देशी शब्दांच्या वाट्याला काय आलं, ते पाहण्यासारखं आहे. ‘लस्ट’ म्हणजे साधं सुख, आवड. जर्मनमध्ये तो आजही तसाच निरुपद्रवी आहे. इंग्रजीत धर्मग्रंथांच्या भाषांतरात पापवासनेसाठी तो पुन्हापुन्हा वापरला गेला आणि कायमचा बाटला. ‘सिली’ म्हणजे सुखी, धन्य; मग निष्पाप, मग बिचारा, अखेर मूर्ख. ‘ग्ली’बद्दल डॉ. जॉन्सन 1755च्या कोशात सांगतात, की हा शब्द आता थट्टेत किंवा थोड्या तुच्छतेनेच वापरतात. ‘फन’ला तर त्यांनी हलक्या लोकांच्या बोलीत ढकललं. ‘फन’ मुळात फसवण्याचा शब्द; आपणही कुणाची ‘गंमत केली’ म्हणतो तेव्हा त्यात थोडी फसवणूक असतेच.

फ्रेंच शब्द वर चढले आणि देशी खाली गेले, असा सरळ नियम मात्र मी मांडणार नाही. एकदा देखण्या विधानाने तोंड पोळलं आहे. ‘ब्लिस’ देशीच, पण ‘ब्लेस’ म्हणजे आशीर्वाद देणं, याच्या शेजाराने तो स्वर्गापर्यंत पोचला. उलट ‘गे’ हा फ्रेंचमधून आलेला आनंदी शब्द विसाव्या शतकात समलिंगी माणसांनी स्वतःसाठी घेतला आणि जुना अर्थ जवळजवळ मावळला. मला जाणवतं ते एवढंच : आनंदाच्या शब्दावर नेहमी कुणाची तरी नजर असते. हा आनंद कोण करतंय, कुठे करतंय आणि बाहेर तो कोण ऐकतंय, यावर शब्दाची पत ठरते.

यंदा तो जुना लेख पुस्तकात घ्यायचं ठरलं, तेव्हा चूक दुरुस्त करणं भाग होतं. ‘स्वर्गातलं स्वप्न’ खोडलं. ‘आनंद’ लिहिलं, पण तो फार शांत वाटला, डोळे मिटून बसल्यासारखा. शिवाय तिथेच शेजारी ‘ब्लिस’ही आहे, त्याला काय म्हणायचं? ‘जल्लोष’ बेओवुल्फच्या सभागृहात चालेल, स्वर्गात नाही. ‘मौज’, ‘मजा’ तर सोडूनच द्या. दोन-तीन आठवडे तो कागद तसाच पडून होता. आषाढात घराजवळून एक दिंडी गेली, टाळ-मृदंग दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होते. शेवटी मी ‘ब्लिस’साठी ‘आनंद’ ठेवला आणि ‘द्रेआम’साठी ‘गजर’ लिहिलं. मुद्रितं आली त्यात संपादकांनी त्या शब्दाखाली रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह घातलं होतं. शब्द तसाच ठेवला आणि ते पोस्टकार्ड कपाटात शोधायला घेतलं.