सोमेश्वराचे आमिष

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचे नाव येते ते बहुधा एकाच कारणाने. त्याच्या ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात काही मराठी ओळी सापडतात. आमचे इतिहासकार त्या टिपून घेतात आणि पुढे निघून जातात. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

भिलाईच्या सेक्टर १० मध्ये राहणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांस त्या प्रकरणाविषयी विशेष जवळीक वाटावी असे कारण आहे. छत्तीसगड हा तळ्यांचा मुलूख. पोलादाच्या कारखान्याने आसमंत पालटला, तरी भोवतालच्या खेड्यांत तळी आहेत आणि काठावर बांबूची काठी घेऊन बसणारी माणसेही आहेत. गळाला येथे ‘गरी’ म्हणतात. आपल्या ‘गळ’ शब्दाचे ते भावंडच वाटते.

सोमेश्वराने इ. स. ११२६ ते ११३८ असे राज्य केले. राजनीतीपासून पाककलेपर्यंत सारे विषय त्याने शंभर प्रकरणांत मांडले. मत्स्यविनोदात तो आधी मासे ओळखावयास शिकवितो: समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, नुसत्या कातडीचे कोणते. मग काठी, दोरी आणि गळ. परंतु आम्हांस मोलाचे वाटते ते त्याचे आमिषाविषयीचे विवेचन. कोणता मासा काय खातो हे जाणून त्याला तेच द्यावे. कोणाला पिठाचे व तिळाचे गोळे, तर कोणाला मांस. आणि हे अन्न गळ टाकण्याच्या आधीपासूनच नेमल्या जागी घालीत जावे, म्हणजे मासा तेथे येऊ लागतो. सोमेश्वराचे आमिष ही फसवणूक खरी, पण ती आधी पाहुणचाराचे रूप घेऊन येते!

उथळ पाण्यात या विचाराचे महत्त्व अधिक. तेथे माशाला काठावरची सावली दिसते, पावलांचा हादरा कळतो. त्यास बळेच भुलविता येत नाही. एकाच तळ्यात कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी चिखलात. मरळ तर पाणवनस्पतींत दबा धरून बेडूक आणि लहान मासे गिळणारी. तिच्यापुढे कणकेची गोळी टाकणे म्हणजे वाघापुढे गवत टाकणे होय. पाणी गढूळ असेल तर वासाचे आमिष हवे. नितळ असेल तर हलणारे, चमकणारेही चालते. आजच्या दुकानांत मिळणारे रंगीत कृत्रिम मासे या शेवटच्या तत्त्वावरच बेतलेले असतात.

सोमेश्वरानंतर साडेसात शतकांनी, मद्रास इलाख्यातील हेन्री सुलिव्हन टॉमस या सनदी अधिकाऱ्यानेही याच विषयावर लेखणी चालविली. ‘द रॉड इन इंडिया’ हे त्याचे पुस्तक १८७३ चे. पुढे १८८७ मध्ये त्याने केवळ तळ्यांतील गळमासेमारीवर निराळे पुस्तक लिहिले. घरापासून दूर नेमणूक झालेला अधिकारी कचेरीबाहेरचा मुलूखही न्याहाळतो, याचे कौतुक आमच्या वाचकांस सांगावयास नको.

तरी एक गोष्ट मनाला लागून राहते. तळ्याचे हे ज्ञान राजवाड्यात जन्मले असेल, असे आम्हांस वाटत नाही. कोणता मासा कोठे चरतो हे पाण्याकाठी पिढ्या घालविणाऱ्या धीवरानेच कोणातरी राजसेवकाला सांगितले असणार. राजाने ते श्लोकबद्ध केले, ही त्याची थोरवी. पण नाव राहिले ते राजाचे. छत्तीसगडातील ढीमर आणि केवट आजही हे जाणतात, आणि त्यांचे कोणी लिहून घेत नाही.

ग्रंथ टिकला त्यात मराठी माणसाचाही हात आहे, आणि तोही परमुलुखात राहणाऱ्या. गायकवाडांच्या बडोद्यात गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनी मानसोल्लासाचे संपादन हाती घेतले. पहिला भाग १९२५ मध्ये निघाला, दुसरा १९३९ मध्ये; तिसरा बाहेर पडावयास १९६१ उजाडले. दरम्यान, १९५१ मध्ये, प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मत्स्यविनोदाची शास्त्रीय चिकित्सा केली. त्या प्रकरणाचे सुबोध, सटीप मराठी भाषांतर एखाद्या मत्स्यतज्ज्ञाने धीवरांच्या शेजारी बसून करावे, अशी आमची सूचना आहे. माशांची जुनी नावे त्यांच्याच तोंडी अजून सापडण्याचा संभव आहे.