डायलवरचे नाव आणि आतले मशीन

कपाटाच्या तळातून जुने मनगटी घड्याळ निघते. डायलवर घरात कोणी कधी न ऐकलेले नाव, त्याखाली बारीक अक्षरांत ‘स्विस मेड’. असल्या घड्याळाचा निकाल आपल्याकडे दोनच प्रकारे लागतो. त्या नावाचा कारखाना सापडला नाही, तर घड्याळ बनावट. आणि झाकण उघडल्यावर आत दुसऱ्याच कारखान्याचा शिक्का दिसला, तर ‘मशीन यांचे नाहीच, हे नुसते नाव लावणारे’. दोन्ही निकालांच्या मुळाशी एकच समजूत आहे: ज्याचे नाव डायलवर, त्यानेच मशीन घडवले पाहिजे. माझ्या मते ही समजूत इतिहासाला धरून नाही, आणि तिच्यापायी असंख्य प्रामाणिक घड्याळे भंगाराच्या भावाने जातात.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही. बाजारात खोटी घड्याळे होती आणि आहेत. नाव म्हणजे हमी, आणि जो स्वतः मशीन घडवत नाही त्याची हमी कशाच्या जोरावर, हा प्रश्नही रास्त आहे. पण त्याचे उत्तर स्विस घड्याळांचा धंदा चालायचा कसा, यात शोधावे लागते.

ज्युरा पर्वतरांगेतल्या गावांत घड्याळ सहसा एका छपराखाली जन्माला येत नव्हते. कच्चे मशीन, म्हणजे एबोश, एक कारखाना बनवी; केस, डायल, काटे, हेअरस्प्रिंग प्रत्येकाचे कारागीर वेगळे. फोंतेनमलों येथे एबोशचा कारखाना 1793 मध्येच उभा राहिला होता. हे सगळे सुटे भाग विकत घेऊन, त्यांची जुळणी करून, घड्याळ वेळेला लावून आपल्या नावाने विकणाऱ्या पेढ्या शेकड्यांनी होत्या. 1926 मध्ये ए. शिल्ड, फोंतेनमलों आणि आडोल्फ मिशेल हे तीन एबोश-कारखाने ‘एबोश एस. ए.’ या संघात एकत्र आले आणि पुढे बहुतेक सगळे एबोश-कारखाने त्याच छत्राखाली गेले. मग 1934 मध्ये स्विस सरकारने फर्मान काढले: घड्याळांचा नवा कारखाना काढायचा, असलेला वाढवायचा किंवा त्याचे स्वरूप बदलायचे, तर सरकारी परवाना हवा. ही बंधने सैल व्हायला 1960चे दशक उजाडले. म्हणजे जुळणी करणाऱ्या छोट्या पेढीने मनात आणले तरी उद्यापासून स्वतःचे मशीन घडवायला घेणे तिला शक्यच नव्हते. तिने ते केले नाही म्हणून तिला आज लबाड ठरवणे म्हणजे ज्या दारावर सरकारी कुलूप होते त्या दारातून ती आत का गेली नाही, असे विचारणे होय.

बरे, थोर नावांचे काय? रोलेक्सच्या ‘डेटोना’त 1980च्या दशकाच्या अखेरपर्यंत व्हॅलजू 72 या एबोशवर बेतलेले मशीन होते. चंद्रावर गेलेल्या ओमेगा ‘स्पीडमास्टर’मधले 321 हे मशीन मुळात लेमानियाचे. इटालियन नौदलासाठी पानेराईने जी पाणबुड्यांची घड्याळे दिली, त्यांतल्या अनेकांच्या केसमध्ये रोलेक्सचे नाव कोरलेली पण कॉर्तेबेरने घडवलेली मशीने बसवलेली आहेत. ही घड्याळे बनावट आहेत असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग तोच न्याय अनोळखी नावाला का नाही? पुस्तकावर प्रकाशकाचे नाव असते आणि छपाई दुसऱ्याच्या छापखान्यात होते, म्हणून ते पुस्तक आपण खोटे मानत नाही.

मुंबईला तर हे सांगावेच लागू नये. वेस्ट एंड वॉच कंपनीने 1886 मध्ये याच शहरात बस्तान बसवले. तिच्या नावावर पलटणीतल्या जवानांनी पिढ्यान्‌पिढ्या विश्वास टाकला. सुरुवातीच्या कित्येक वेस्ट एंड घड्याळांत मशीन लाँजिनचे होते आणि पुढे एबोश-कारखान्यांचे आले. विश्वास होता तो निवड, जुळणी आणि विक्रीनंतरची जबाबदारी यांवर.

हीच गोष्ट एका मशीनवरून नीट दिसते. ए. शिल्डचे 1130 हे चावीचे मशीन सुमारे 29 मिलिमीटर व्यासाचे, जुन्या फ्रेंच मापाने 13 लिन्य, आणि सेकंदाचा छोटा काटा सहाच्या जागी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्कराने घेतलेल्या घड्याळांत ते इतके आढळते की संग्राहक त्याला लष्करी मशीन म्हणूनच ओळखतात. पण त्या घड्याळांच्या डायलवर नावे कितीतरी. लष्कराने अटी घातल्या, अनेक पेढ्यांनी पुरवठा केला, आणि त्यांतली बरीच नावे आज विस्मरणात गेली आहेत.

मग ओळख पटवायची कशी? डायल बाजूला ठेवून. झाकण काढा, भिंग लावा आणि बॅलन्स चाकाच्या खाली, मुख्य पत्र्यावर पाहा. चाक हलकेच फिरत असताना त्याच्या आऱ्यांमधून ‘ए. एस.’ (ए. शिल्ड) किंवा ‘एफ. एच. एफ.’ (फोंतेनमलों) अशी अक्षरे आणि शेजारी आकडा दिसतो. तिथे नसेल, तर डायलखाली शोधावा. तिथेही नसेल, तर मशीनचा व्यास व्हर्नियरने मोजावा आणि डायल उतरवून चावी ओढल्यावर सरकणाऱ्या भागांकडे बघावे. सेटिंग लिव्हरवर दाब ठेवणाऱ्या पातळ स्प्रिंगचा बाह्याकार जवळजवळ प्रत्येक मशीनचा निराळा असतो. म्हणूनच सुटे भाग विकणाऱ्यांच्या फ्लूम आणि बेस्टफिट या जुन्या सूच्या व्यास आणि ह्याच आकारांवरून मशीन शोधायला लावतात. घड्याळजीला वाचायला नाव नव्हे, आकार लागतो.

बॅलन्सच्या पुलावर तीन रोमन अक्षरे असली, तर घाई करू नये. अमेरिकेत आयात झालेल्या स्विस मशीनांवर आयातदाराची खूण म्हणून ती ठोकली जात, ‘ए. एक्स. ए.’ हा विटनॉरचा संकेत. त्यावरून माल कोणी मागवला ते कळते, कोणी घडवला ते नव्हे.

आणि डायलवर सर्वांत कमी विसंबावे, कारण डायल बदलतो. पुन्हा रंगवलेले डायल मुंबईतून इतके निघाले की जगभरचे संग्राहक या शहराचे नाव घेऊनच त्यांच्याविषयी सावध करतात. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात आणि ते मशीनच्या कडेच्या भोकांत बसून स्क्रूने आवळले जातात. पाय कापून डायल चिकटवलेला असला, तर तो बहुधा या मशीनचा नव्हे. छोट्या सेकंदाचे वर्तुळ काट्याच्या दांड्याभोवती नेमके बसलेले नसेल, तरीही संशय घ्यावा.

इथे उलट बाजूची चूकही टाळली पाहिजे. शिक्का सापडला की काही जण लगेच म्हणतात, ‘हे ए. शिल्डचे घड्याळ.’ तेही तितकेच चूक. एकच 1130 साधे, धक्कारोधक नसलेले मिळे आणि इन्काब्लॉक हा धक्कारोधक बसवलेलेही मिळे. कोणत्या दर्जाचे घ्यायचे, किती काळजीने वेळेला लावायचे, कोणत्या केसमध्ये घालायचे, हे पेढी ठरवी, आणि घड्याळाचे गुणदोष बरेचसे तिथेच ठरत. म्हणून नोंद लिहिताना रकाने वेगळे ठेवावेत: मशीन ए. शिल्ड 1130; केसवर असतील त्या खुणा; डायलवर अमुक नाव, मूळचे की पुन्हा रंगवलेले; नावाची नोंदणी कोणाच्या मालकीची, आणि ते सापडेपर्यंत तो रकाना रिकामा.