लिपी आणि समाज : पितळखोऱ्यापासून मानवतपर्यंत

परभणी जिल्ह्यातील मानवत ही कापसाची जुनी बाजारपेठ. निजामी राजवटीत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, या भागातील शेतकऱ्याचा व्यवहार एकाहून अधिक लिप्यांतून होत असे. सरकारी दप्तर उर्दूत, सावकाराची वही मोडीत, तर छापील पोथी देवनागरीत. दप्तर आणि वही या दोहोंखाली त्याचा अंगठा उमटे. परंतु वर काय लिहिले आहे, हे त्याला बहुधा दुसऱ्याकडूनच कळे. लिपीचा इतिहास सांगताना आपण अक्षरांच्या वळणांची चर्चा पुष्कळ करतो. ती अक्षरे कोणाच्या हाती होती, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

याच मराठवाड्यात दोन हजार वर्षांपूर्वीचे चित्र निराळे होते. पितळखोऱ्याच्या लेण्यातील एक स्तंभ पैठणच्या गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या, कुळातील मितदेवाने दिला. मागिल नावाच्या राजवैद्याच्या कुटुंबाचे दानलेखही तेथे आहेत. त्यात त्याच्या मुलीचे, दत्ताचे, स्वतंत्र दान नोंदलेले आहे. एका यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कान्हदास या सोनाराचे नाव कोरले आहे. हे सर्व ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत.

यावरून हे सर्व दाते साक्षर होते, असा निष्कर्ष आपल्याकडे उत्साहाने काढला जातो. तो मला मान्य नाही. अक्षरे कोरणारा कारागीर वेगळा असू शकतो. तथापि लेख कोणी मोठ्याने वाचला, तर तो ऐकणाऱ्यास समजण्याजोगा होता, आणि सोनाराचे नाव दगडावर येण्यास हरकत नव्हती, एवढे निश्चित. पुढे ही लिपी विसरली गेली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली, तीही अशाच साध्या माणसांच्या आधारे. सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुनःपुन्हा येतात, हे त्यांच्या लक्षात आले. ती ‘दानं’ अशी वाचता आली आणि वाट मोकळी झाली.

आज या लिपीस ‘धम्मलिपी’ म्हणण्याचा प्रघात पडत आहे. अशोकाच्या लेखांत हा शब्द त्या आज्ञालेखांसाठी येतो, हे ध्यानात ठेवावे. ‘ब्राह्मी’ हे नाव ललितविस्तरातील चौसष्ट लिप्यांच्या यादीत प्रथम आढळते, म्हणून तेही टाकाऊ नाही.

लेखन ही त्याकाळी उपजीविकेची विद्या होती. उपालीच्या आईवडिलांनी मुलाला लेखन शिकवावे काय, असा विचार केला आणि बोटे दुखतील म्हणून तो सोडला, अशी कथा विनयपिटकात आहे. बुद्धवचन मात्र पाठांतराने टिकले. परंपरेनुसार ते सिंहलद्वीपात वट्टगामणी राजाच्या काळी, इसवी सन पूर्व पहिल्या शतकात, लेखनिविष्ट झाले. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहली, बर्मी, थाई, ख्मेर, नागरी, रोमन अशा ज्या लिपीत वाचक असतील, त्या लिपीत ती लिहिली गेली.

राजसत्तेचे लेखन याच सुमारास नव्हे, पण काही शतकांनी, दुसऱ्या दिशेने गेलेले दिसते. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा वाशीम येथे सापडलेला ताम्रपट नांदेड परिसरातील दानाविषयी आहे. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात, तर दानाच्या अटी व सवलती प्राकृतात आहेत. जे गावाने पाळावयाचे, ते गावाला समजेल अशा भाषेत. जे केवळ राजाच्या प्रतिष्ठेसाठी, ते संस्कृतात. पुढील ताम्रपटांत ही वाटणीही उरली नाही.

मानवतच्या शेतकऱ्याचा अंगठा या दीर्घ प्रवासाच्या टोकाशी उमटलेला आहे. त्या दप्तरांचे महत्त्व संपलेले नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची आवश्यकता भासली. आजोबांची जात काय नोंदली गेली, हे जाणण्यासाठी शाळा शिकलेल्या नातवालाही पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले.